मृगाला टाकलेलं तरू

ही गोष्ट मी आजवर टाळत आलो. भाचरं फोनवर विचारतात, "मामा, तिकडं वांगी लावतासा का न्हाय?" आणि मी गुडघ्यांचा विषय काढतो. आता वयाची ऐंशी उलटली. गडमुडशिंगीत राहिलेल्यांनी आणि माझ्यासारख्या गाव सोडून आलेल्यांनीही हे वाचावं म्हणून लिहितो आहे.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, निवृत्त झाल्यावर, मी आणि बायको लेकाकडे इंग्लंडला निघालो. कोल्हापूरच्या एसटी स्टँडवर माझी थोरली बहीण, गावातच दिलेली आक्का, सोडायला आली होती. गाडी हलताना तिने खिडकीतून एक पुरचुंडी आत सरकवली. तिच्या वांग्याचं बी. दरवर्षी ती झाडावरचं एक चांगलं वांगं पिवळं होईपर्यंत राखायची, बी धुऊन राखेत घोळायची, सावलीत वाळवायची. आमच्या आईपासून चालत आलेलं बी ते. गल्लीतल्या निम्म्या घरांमागच्या परड्यांत तिनेच दिलेलं तरू, म्हणजे लावणीची कोवळी रोपं, वाढायचं.

"मृगाला तरू टाक," ती ओरडून म्हणाली. "आन् उगवलं की फोन कर. पावण्यागत गप बसू नगंस."

लेकाचं गाव उत्तरेकडचं, टेकडीवरचं. तिथल्या नगरपालिकेने मला भाड्याने अलॉटमेंट दिली, म्हणजे भाजी पिकवायला जमिनीचा एक तुकडा. ना झाड, ना भिंत. वारा थेट कानात शिरायचा. शेजारच्या तुकड्यावरच्या म्हाताऱ्याने मला सांगितलं होतं, की वांगी-मिरची ही उन्हाची पिकं. बी फेब्रुवारीत घरात, खिडकीशी पेरायचं आणि रोपं जूनमध्ये बाहेर लावायची, तीही आडोशाला. मी हसलो. मी शेतकी खात्यातला माणूस आहे, असं त्याला ऐकवलं. कारकून होतो, हे सांगितलं नाही.

मृग लागला त्या दिवशी मी उघड्यावर तरू टाकलं. अंगात स्वेटर होता, तरी डोक्यात काही शिरलं नाही. जुलैत रोपं वर आली. चार पानांवर होती तेव्हाच वाऱ्याने फाटली. उरलेल्यांवर बिनशंखाच्या गोगलगायी चढल्या आणि पानापानावर चकाकणारी लाळ सोडून गेल्या. सप्टेंबरच्या गार पावसात देठ काळे पडले. उपटताना बोटांना लागलेली ती बुळबुळ आणि तो कुजका वास आठवला की आजही शिसारी येते. पण खरी शिसारी पुढची आहे.

रविवारी ठरल्या वेळी आक्का गावातल्या पीसीओवर येऊन बसायची. शेताच्या दुसऱ्या टोकाला हाक मारावी तशी ती फोनवर बोलायची. रोपं उपटल्यानंतरच्या रविवारी मागून कोणीतरी बाई म्हणाली, "आक्का, तुझी भरली वांगी गोऱ्या बाया खात्यात काय, इचार की!" सगळे हसले. आक्काही हसत म्हणाली, "आलं न्हवं रं बी?"

"पोचट निघालं, आक्का. एक उगवलं न्हाय."

"पोचट?" तिने मोठ्याने विचारलं. मागचा हशा थांबला. मग हळू आवाजात म्हणाली, "आसंल बाबा. माझी नदर गेली आता."

पुरचुंडीत चिमूटभर बी उरलं होतं. पुढच्या फेब्रुवारीत मी ते चोरासारखं स्वयंपाकघराच्या खिडकीत, दह्याच्या रिकाम्या डब्यांत पेरलं. जवळजवळ प्रत्येक बी उगवलं. त्याच दिवशी फोन करायला हवा होता. पुढच्या रविवारी सांगू, असं म्हणत मी जून गाठला. रोपं बाहेर लावली, भोवती जाळीचा आडोसा केला, वर जुन्या खिडकीची काच ठेवली.

त्याच सुमारास भाच्याने सांगितलं, की मृगाला तरू मागायला आलेल्या बायकांना आईने परत पाठवलं. "माझं बी बिघडलंय, दुकानातनं आणा," म्हणाली. राखलेलं सगळं बी तिने कोंबड्यांना टाकलं होतं.

माझ्या अलॉटमेंटवर सात वांगी धरली. जगात उरलेली तिची तेवढीच. एक बियांसाठी राखलं, पण तिथल्या उन्हात ते पिवळं होईना. जांभळंच राहून कुजलं. बाकीची बायकोने भरून केली. मी दोनदा वाढून घेतलं. त्या रविवारी आक्काला गुडघ्यांबद्दल सांगितलं.

काही वर्षांनी गावी गेलो. बोलायचं ठरवूनच गेलो होतो. जेवायला बसल्यावर आक्काने ताटात बाजारातल्या वांग्याची भाजी वाढली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "एवढ्या लांब तुला वाईट बी दिलं मी. मनात धरू नगंस."

"जाऊ दे गं, आक्का," मी म्हणालो.

मी तिला माफ केलं! आणि भाकरी मोडली.

त्यानंतर दोन वर्षांनी ती गेली. मी विमानाने पोहोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. तिच्या परड्यात दुकानातल्या बियाची वांगी होती, गुळगुळीत, एकसारखी. आता घर म्हटलं की मला तेच परडं दिसतं, आणि त्यात पाय टाकायची लाज वाटते.

भाच्यांनो, तुमच्या आईची नजर शेवटपर्यंत शाबूत होती. गल्लीत सांगा. पीसीओत त्या दिवशी हसलेल्यांपैकी कोणी उरलं असेल, तर त्यांना आधी सांगा. आणि ताट समोर असताना मला जे म्हणता आलं नाही, ते असं होतं: आक्का, बी चांगलं होतं. मी खोटं बोललो. मला माफ कर.