चर्चकाका

पहिल्याच भेटीत मी काकांसमोर गाडी थडग्यांवर उभी केली. आमच्या मराठी मंडळाचा गणपती न्यू जर्सीतल्या मक्याच्या शेतांपलीकडे, एका पांढऱ्या लाकडी चर्चच्या हॉलमध्ये बसायचा. मला हिरवळ दिसली, मी पार्किंग समजलो. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी काचेवर टकटक केली. “गाडी मागे घे. खाली एक अख्खं कुटुंब झोपलंय.” मी इतका गडबडलो की त्या कुटुंबालाच ‘सॉरी’ म्हणालो.

हे आमचे चर्चकाका. नागपूरचे, निवृत्त स्ट्रक्चरल इंजिनियर. देऊळ दिसलं की आपला हात आपोआप छातीशी जातो ना, तसा काकांचा हात गाडी चालवताना जुनं चर्च दिसलं तरी जायचा. पडका, लाल रंग उडालेला गुरांचा बार्न दिसला तरी जायचा.

“काका, बार्नला कसला नमस्कार?”

“देऊळ पाडायला लोक निदान घाबरतात. याला कोणीच घाबरत नाही. म्हणून याला जास्त.”

चर्चची एक किल्ली बेटी नावाच्या आजींकडे असे, दुसरी काकांकडे. बेटीआजी दरवर्षी उकडीचा मोदक खाऊन “गोड डम्पलिंग” म्हणायच्या आणि काका दरवर्षी तो शब्द दुरुस्त करायचे. छप्पर गळलं की सत्तरी उलटलेले काका शिडीवर, खाली शिडी धरून मी. म्हणजे खरं तर शिडीला धरून मी.

“काका, पडाल.”

“माझा इन्शुरन्स आहे. याचा कोण काढतो?”

मग त्या रस्त्यावर वेअरहाउसं आली. एकेक शेत विकलं गेलं, एकेक बार्न आडवा झाला. त्यांच्या जागी खिडकी नसलेल्या पांढऱ्या भिंती आणि ट्रकच्या रांगा. काकांचा हात सवयीने उठायचा, समोर काहीच नसायचं, मग तो मुकाट्याने स्टिअरिंगवर परत यायचा. अशा वेळी मी रेडिओ लावायचो. मला तेवढंच सुचायचं.

बेटीआजी गेल्या. उरलेल्या चार-पाच म्हाताऱ्यांनी चर्च विकायला काढलं. काकांनी मंडळाची मीटिंग बोलावली. म्हणाले, आपण घेऊ. हॉलमध्ये गणपती बसेल, रविवारी त्यांची प्रार्थना चालू राहील.

“काका, हीटिंग बघा, टॉयलेट बघा,” आमचा तरुण अध्यक्ष म्हणाला. “हायस्कूलचं ऑडिटोरियम मिळतंय. थोडं प्रॅक्टिकल बोलू या ना यार.”

“इतकी वर्षं त्यांनी आपल्या देवाला छप्पर दिलं,” काका म्हणाले. “त्यांच्या देवाला द्यायची वेळ आली, तर आपल्याला टॉयलेट आठवलं.”

मत घेतलं तेव्हा तीन हात वर झाले. काकांचा, माझी बायको अनघा हिचा, आणि तिने कोपर मारल्यावर माझा.

त्या हिवाळ्यात मुलीने काकांना डॅलसला नेलं. गुडघे गेले होते, एकटं राहणं शक्य नव्हतं. दर रविवारी सकाळी फोन यायचा. हवापाणी, औषधं, आणि ठेवायच्या आधी एकच प्रश्न, “उभं आहे ना?” मी “आहे” म्हणायचो. तेव्हा ते होतंही.

गेल्या महिन्यात चर्च पाडायचं मशीन आलं. मी ऑफिसला उशीर करून बघायला गेलो. घंटेचा मनोरा आधी वाकला, मग बाकीचं फारशी कुरकुर न करता बसलं. जेवायच्या सुट्टीपर्यंत ढिगारासुद्धा ट्रकमध्ये भरून झाला होता. थडगी कायद्याने हलवता येत नाहीत म्हणे, तेवढी ठेवली आहेत. भोवती जाळीचं कुंपण आहे.

त्या रविवारी फोन वाजला. काय सांगायचं ते मी आंघोळ करतानाच घोकून ठेवलं होतं. काका गुडघ्याबद्दल बोलले, नातीच्या परीक्षेबद्दल बोलले, डॅलसच्या उन्हाला नावं ठेवली. मग जरा थांबले. “चल, ठेवतो,” म्हणाले.

“विसरले बहुतेक,” मी सुटकेचा श्वास टाकत अनघाला म्हणालो. “वय झालं.”

ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “विसरले नाहीत रे. विचारलं असतं, तर तुला सांगावं लागलं असतं.”