लूप आहे तोवर

मॅडमचं एक वाक्य मी काही वर्षं अंगाऱ्यासारखं जपलं. "हा लूप आहे तोवर तुला इथून कोणी हलवणार नाही."

लूप म्हणजे पुण्यातल्या एका कॉलेजच्या लॅबमधला पाइपांचा उंच सांगाडा. पंप पाणी फिरवायचा, विजेवर तापवलेल्या नळीत ते उकळायचं, आणि नळीच्या दोन्ही टोकांशी दाब किती, ते मी काट्यांवर वाचून सांगायचे. मी गोंदियाकडची, सातवीत शाळा सुटलेली. आधी मार्केट यार्डात कांदे निवडायचे. या लॅबच्या प्राध्यापक मॅडम तिथे भाजीला यायच्या. एकदा म्हणाल्या, "आकडे वाचता येतात ना? मग चल माझ्याकडे."

काम समजावलं तेही यार्डाच्याच भाषेत. "गल्लीत नुसते हमाल चालले तर नीट चालतात. मध्येच हातगाड्या धावत घुसल्या की सगळे एकमेकांना नि भिंतींना घासतात. वाफ म्हणजे त्या हातगाड्या. पाणी उकळलं की दाब जास्त खर्ची पडतो. अणुभट्टीत तो किती पडेल, हे आधीच कळायला हवं. नाहीतर तापलेल्या सळ्यांना पाणी पुरणार नाही."

अणुभट्टी म्हटल्यावर मी दोन पावलं मागेच सरकले. लॅबमध्येच पीएचडी करणारा एक मुलगा हसला. "ताई, आपल्या लूपमध्ये फार तर बटाटे उकडतील."

तरी पंप चालू करताना मी देवाचं नाव घ्यायचेच. गावाकडे आई फोनवर विचारायची, नोकरी पक्की आहे ना? मी मॅडमचं वाक्य म्हणून दाखवायचे.

मग एके दिवशी त्या मुलाने कॉम्प्युटरवर काढलेला दाबाचा अंदाज आणि मी वाचलेले आकडे पडद्यावर एकावर एक बसले. मॅडमनी पेढे आणायला मलाच पाठवलं. सगळ्या डिपार्टमेंटला वाटले, शिपायांनासुद्धा. कशाचे विचारलं की म्हणायचे, "आमचं जमलं!"

शेवटी त्या मुलापुढे डबा धरला. "थँक्यू हां ताई. आता फायनली लूप निघेल, इथे नवे कॉम्प्युटर बसतील."

"निघेल म्हणजे?"

"मॅडम बोलल्या नाहीत? ते तर आधीपासून ठरलंय."

डबा हातात तसाच घेऊन मी मॅडमच्या खोलीत गेले. त्या चष्मा पुसत होत्या. "अगं, अंदाज बरोबर यायला लागला की मोजायचं कशाला? त्यासाठीच तर इतके दिवस मोजलं."

"पण तुम्ही म्हणाला होता..."

"लूप आहे तोवर, असं म्हणाले होते. खोटं बोलले का?"

नव्हत्या बोलल्या. तेच झोंबलं. मी ज्याला धीर समजले ती मुदत होती, आणि हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक. मी मात्र स्वतःची नोकरी गेल्याचे पेढे वाटून आले होते.

"जाताना लूपमधलं पाणी सोडून दे हं," त्या म्हणाल्या. मी सोडलं. कोमट होतं अजून.

पुढे पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या एका सोसायटीत साफसफाईचं काम त्यांनीच फोन करून लावून दिलं. उपकार आहेतच, नाही कसं म्हणू? पहिल्याच दिवशी तिथले म्हातारे सेक्रेटरी म्हणाले, "निर्धास्त राहा. मी आहे तोवर तुम्हाला कुणी काढणार नाही."

माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो, पण आपण कधीपर्यंत आहात?"

वॉचमन तोंड फिरवून खोकला. सेक्रेटरींचा चेहरा उतरला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण मी उत्तरासाठी उभीच राहिले.