शेजारणीची मेंढी

घोंगडं उन्हात टाकलं, की लोकरीच्या वासासरशी मला माळशिरसकडची मेंढपाळांची वस्ती आठवते. आमच्या पेपरात ती माणसं फक्त भांडणाच्या बातमीत यायची, म्हणून एकदा मी मुद्दाम मेंढ्या कातरायच्या दिवशी गेलो. फोटो छापून आला: ‘आजीबाई आणि त्यांची लाडकी मेंढी’. पेपर द्यायला गेलो, तर आजी फोटोवर बोट ठेवून म्हणाली, “ही आमची न्हाय की. शेजारणीची हाय.” सगळी वस्ती हसली, फक्त शेजारीण फुगून बसली. दुसऱ्याच दिवशी आम्ही दुरुस्ती छापली. परवा त्याच शेजारणीचा फोन आला, “पेपरातल्या मेंढीच्या नातीला कोकरू झालंय. लिहून घ्या, आमचंच हाय.”