लीताईची खाद्ययात्रा आणि हिंगोलीचे चौघं

आम्ही चौघं चीनमध्ये होतो नऊ दिवस, आणि त्यावर बोलतोय मात्र इतकी वर्षं! दर लग्नाच्या पंगतीत एखादा नवाच किस्सा निघतो, आणि सांगणारा गळ्याची शपथ घेऊन सांगतो की हे असंच झालं होतं. राठोडचं सगळं खरं मानलं तर आम्ही तिथं निदान दीड महिना असायला पाहिजे. म्हणून मी आपलं माझ्या डोळ्यांदेखत झालं तेवढंच सांगतो.

हिंगोली जिल्हा होऊन सहा-सात वर्षं झाली असतील. आमची चौघांचीही फवारणी पंपांची दुकानं. माझं हिंगोलीत मोंढ्याजवळ, राठोडचं कनेरगाव नाक्यावर, मस्केचं कळमनुरीला आणि अवचार काकांचं औंढ्याला देवळाच्या रस्त्यावर. एका पंपवाल्या कंपनीनं स्कीम काढली: टार्गेट पूर्ण करा, चीन बघा! आम्हाला वाटलं, ती मोठी भिंत बघायला मिळणार. पण भिंतीच्या ट्रिपा आधीच भरलेल्या. उरली होती युन्नान नावाच्या डोंगराळ प्रांताची ट्रिप. कागदावर लिहिलं होतं, 'खाद्ययात्रा! जितक्या जमाती, तितक्या चवी!'

"म्हंजे निस्तं जेवायला इतक्या लांब?" काकांनी विचारलं.

"काका, लग्नाला नांदेडला जाताच की," मस्के म्हणाला.

काका माळकरी. त्यांनी एक आख्खी बॅग दशम्या, चिवडा आणि ठेच्यानं भरली. आम्ही तिघांनी सराव म्हणून पंधरा दिवस बसस्टँडजवळच्या चायनीजच्या गाडीवर मंचुरियन खाल्लं.

*

कुनमिंगच्या विमानतळावर आमची गाईड उभी होती. पंचविशीतली पोरगी, नाव ली. ती कॉलेजात हिंदी शिकलेली. म्हणजे पुस्तकातली हिंदी!

"आदरणीय अतिथिगण, आपका हार्दिक अभिनंदन. क्या आप क्षुधित हैं?"

मस्के माझ्या कानाशी आला. "काय म्हणून राहिली?"

"संस्कृत बोलून राहिली," काका म्हणाले आणि त्यांनी हात जोडले.

राठोड पुढं झाला. "मॅडम, हमकू भूक लगरी."

लीनं लगेच वही काढली. "लगरी? यह कौन-सी क्रिया है?"

बसमध्ये बसल्यावर राठोडनं पंधरा दिवसांच्या सरावाच्या जोरावर विचारलं, "मॅडम, मंचुरियन कब?"

ली गंभीर झाली. तिनं पिशवीतून नकाशा काढला आणि वर कोपऱ्यात बोट ठेवलं. "मंचूरिया तो बहुत उत्तर में है. रेलगाड़ी से तीन दिन लगेंगे. वहाँ आपका कोई संबंधी है?"

तिसऱ्या दिवशी मात्र हीच ली हॉटेलच्या दारात उभी राहून आम्हाला ओरडत होती, "चलो चलो, बस छूटरी!" तेव्हापासून ती आमची लीताई झाली.

*

पहिलं जेवण म्हणजे तांदळाच्या शेवया. प्रत्येकापुढं परातीएवढा वाडगा, त्यात कोंबडीचं सूप. बाजूला कच्च्या मांसाचे कागदासारखे काप, पाला, शेवया. ते सगळं आपणच सूपमध्ये सोडायचं. सूपमधून वाफ अजिबात येत नव्हती. मला वाटलं, गार झालंय. मी वाडगा उचलून सरळ तोंडाला लावला!

वर तेलाचा थर असतो म्हणून वाफ येत नाही, खाली सूप उकळतं असतं, हे लीताईनं मला नंतर सांगितलं. मला पुढचे दोन दिवस कशाचीच चव लागली नाही. खाद्ययात्रेत!

मी जिभेवर बर्फ धरून बसलो आणि लीताईनं त्या पदार्थाची गोष्ट सांगितली. एक विद्वान माणूस परीक्षेचा अभ्यास करायला बेटावर जाऊन बसला. बायको रोज पूल ओलांडून त्याला जेवण न्यायची. जेवण गार व्हायचं, म्हणून तिनं ही तेलाच्या थराची युक्ती काढली. तेव्हापासून या पदार्थाचं नावच 'पूल ओलांडणाऱ्या शेवया'.

राठोडनं वाडग्यातल्या शेवया ढवळल्या. मग म्हणाला, "माझ्या मायनं चाळीस वर्षं बापाला शेतात भाकर नेली. कशालाच तिचं नाव दिलं न्हाई कोणी."

मी ते हिंदीत सांगितलं. लीताईनं विचारलं, "माताजी के रास्ते में भी पुल था?"

"पूल काहून राहील? नाला व्हता," राठोड म्हणाला. "डोक्यावर भाकर, हातात चपला."

लीताईनं तेही वहीत लिहून घेतलं. पुढंही आमचं मराठी मीच तिला हिंदीत करून सांगायचो.

*

मस्केच्या घरी चार पिढ्या मेंढ्या-बकऱ्या. दुकान त्यानं हौसेनं टाकलेलं. डोंगरातल्या एका आठवडी बाजारात आम्हाला नेलं तेव्हा आम्ही मशरूम आणि वाळवलेल्या मिरच्या बघत होतो. मस्के दिसेना. शोधलं तर साहेब जनावरांच्या बाजारात! एका बकरीशेजारी उकिडवा बसून तिच्या पोटाखाली हात घातलेला, आणि बकरीचा मालक त्याच्या अंगावर ओरडून राहिलेला.

"लीताई, याला सांगा, बकरी गाभण हाय. महिन्याभरात विणार."

लीताईनं सांगितलं. मालक हसला. त्यानं शेजाऱ्याला सांगितलं, तोही हसला. पंपाच्या कंपनीची टोपी घातलेला माणूस आपल्याला बकरी शिकवतोय! त्यानं दोरी ओढली.

मस्केनं दोरी धरली. मी त्याला इतका चिडलेला कधी पाहिला नव्हता. "कास बघ म्हणावं तिची! पोटात दोन हायेत, दोन! कापायला न्यायलास?"

गर्दी जमली. मी घाबरलो. परक्या देशात बकरीवरून पोलीस आले तर काय सांगायचं? तेवढ्यात निळा डोकेरुमाल बांधलेली एक म्हातारी गर्दीतून आत आली. बकरीच्या पोटावर तळवा ठेवून तिनं दाबून बघितलं. मग तिनं दोन बोटं वर केली.

मालकाचा चेहरा पडला. त्यानं मस्केचे दोन्ही हात धरले, काहीतरी बोलला, आणि बकरी घेऊन परत डोंगराकडं चालायला लागला. मस्के खूश! लीताईचा चेहरा मात्र उतरलेला.

"काय झालं?" मी विचारलं.

"वह बकरी हमारे ही भोजनालय जा रही थी," ती म्हणाली. "आज आपका विशेष भोज था."

त्या दिवशी आम्हाला उकडलेले बटाटे आणि बकरीच्या दुधाचं तळलेलं पनीर मिळालं. राठोड संध्याकाळपर्यंत मस्केशी बोलला नाही.

*

काकांचे पहिले पाच दिवस दशमी आणि ठेच्यावर गेले. लीताईला त्याचं फार वाईट वाटायचं. खाद्ययात्रेतला एक माणूस रोज आपलाच डबा खातो, म्हणजे तिला आपली नोकरी धोक्यात आहे असं वाटत असावं. सहाव्या दिवशी ती उड्या मारतच आली. एका बौद्ध मठात जेवण ठरलं होतं. स्वयंपाक भिक्षुणींचा. पूर्ण शाकाहारी!

काकांनी आंघोळ करून धुतलेलं धोतर नेसलं. पाटावर बसावं तसे ते टेबलाशी बसले. आणि जेवण आलं.

पहिल्या ताटात खवल्यांसकट मासा. दुसऱ्यात कोंबडीची तंगडी. तिसऱ्यात डुकराच्या चरबीचे थर!

काका ताडकन उठले.

"नहीं नहीं, यह सब सोयाबीन है! मशरूम है!" लीताई रडकुंडीला आली.

"मग ते तसं काहून दिसून राहिलं?"

तिनं मोठ्या भिक्षुणीला विचारलं. ती साठीची बाई, शांत. "कहती हैं, जो लोग मांस छोड़कर आते हैं, उनके मन के लिए."

"तिला म्हणा, मी सोडून आलो न्हाई. मी कधी धरलंच न्हाई!"

काकांनी पिशवीतून डबा काढला आणि टेबलावर ठेच्याचं झाकण उघडलं. भिक्षुणी दोन पावलं मागं सरकली. नाकाला बाही लावून लीताईशी हळू आवाजात बोलली. लीताई आमच्याकडं बघेना.

"बोल की पोरी," काका म्हणाले.

"कहती हैं, इसमें लहसुन है. हमारे यहाँ लहसुन को शाकाहार नहीं मानते. कृपया इसे बाहर ले जाइए."

बासष्ट वर्षांच्या आयुष्यात काकांना पहिल्यांदाच कोणी नॉनव्हेज ठरवलं होतं! त्यांनी ठेच्याला झाकण लावलं. डबा उचलला, बाहेर पायरीवर जाऊन बसले. आम्ही सगळे मागोमाग गेलो आणि राठोडनं त्यांच्या शेजारी बैठक मारली. "या काका, या आमच्या पंगतीत."

दशमीचा घास मोडत काकांनी विचारलं, "आन कांदा?"

लीताईनं मान हलवली. "प्याज़ भी नहीं."

काकांनी दशमी खाली ठेवली. "मग आमच्या आख्ख्या औंढ्यात शाकाहारी कोणीच न्हाई!"

*

एका गावात ताटभर तळलेले नाकतोडे पुढं आले. सोबत लाल मिरची आणि मीठ. खानावळीचा मालक मोठा बोलका माणूस. आम्ही काय धंदा करतो, त्यानं विचारलं.

"पंप विकतो," मी म्हणालो. "पिकावरची कीड मारायला. हेच, नाकतोडे वगैरे."

तो खूश झाला. एका पंपात किती मरतात?

"रानभर!" मस्के म्हणाला.

"पूछ रहे हैं, इतने सारे फिर पकाते कैसे हैं?"

"पकाते नहीं. मरके पडते उधरच."

मालक खुर्ची ओढून बसला. मारायचे आणि खायचे नाहीत, हे त्याला कळेना. राठोडनं समजावलं, की औषधानं मेलेला किडा खाल्ला तर माणूसही मरेल. मालकानं बराच विचार केला आणि एकच प्रश्न विचारला. लीताईनं तो वहीत न बघता, अगदी साध्या हिंदीत सांगितला.

"पूछ रहे हैं, और वह फ़सल? वह कौन खाता है?"

काहीतरी करायचं म्हणून मी एक नाकतोडा तोंडात टाकला. कुरकुरीत होता. शेंगदाण्यासारखा.

*

शेवटचं जेवण एका जुन्या बाजारगावात, एका घराच्या अंगणात होतं. तांब्याच्या भांड्यात भात, त्यातच बटाटे, घेवडा आणि खारवलेलं मांस. लीताई म्हणाली, हे काफिल्याचं जेवण. पूर्वी खेचरांच्या पाठीवर चहा आणि मीठ लादून इथून तिबेटपर्यंत काफिले जायचे. वाटेत असंच एका भांड्यात शिजवायचं. घराचा मालक पंच्याऐंशीचा म्हातारा, तरुणपणी त्या काफिल्यात चाललेला.

राठोड जेवायचा थांबला. तो तांड्यावरचा. त्याच्या लोकांची लदेणी होती, म्हणजे बैलांच्या पाठीवर गोण्या लादून मुलखामुलखातून धान्य आणि मीठ न्यायचं. रेल्वे आणि मोटारी आल्या आणि ते मोडलं.

"लीताई, याला सांगा, आमीबी तेच. निस्ते खेचराऐवजी बैल."

म्हातारा ताट बाजूला सारून उठला. आतून एक पितळी घंटा आणली. सगळ्यात पुढच्या खेचराच्या गळ्यातली. राठोडनं ती हातात घेऊन वाजवली. मग तो उभा राहिला आणि तोंडाशी हात धरून त्यानं बैलांना द्यायची हाळी दिली. लांब, खालून वर चढत जाणारी. आम्ही त्याला वीस वर्षं ओळखत होतो, त्याचा असला आवाज कधी ऐकला नव्हता. म्हाताऱ्यानं डोळे मिटले आणि आपली खेचरांची हाळी दिली. गल्लीतली माणसं दारात येऊन उभी राहिली.

मग म्हाताऱ्यानं मिठाचा एक खडा आणला. जवळच्या मिठाच्या विहिरीतला, मुठीएवढा, राखेच्या रंगाचा. तो त्यानं राठोडच्या हातात ठेवला आणि त्याच्या बोटांची मूठ मिटवली. काय म्हणाला, ते लीताईलाही कळलं नाही. तिथली बोली वेगळी होती.

घरी आल्यावर आठवड्यानं मी फोटो द्यायला राठोडच्या तांड्यावर गेलो. त्याचा बाप नव्वदीचा, बाजेवर पडलेला. डोळ्यांनी फारसं दिसत नव्हतं. लहानपणी तो लदेणीच्या शेवटच्या एक-दोन खेपांना आपल्या बापाबरोबर गेला होता, असं राठोड सांगायचा. राठोडनं खडा बापाच्या हातात दिला. म्हाताऱ्यानं तो चाचपला, वजन केल्यासारखा हातात उडवला, कोपऱ्यावर जीभ लावली.

"कुठलं?" त्यानं गोरमाटीत, त्यांच्या बंजारा बोलीत, विचारलं.

"चीनचं, बा."

"किती दिवसांची वाट?"

"हैद्राबादहून इमान धरलं. एका दिवसात..."

म्हातारा उठून बसला. खडा त्यानं मांडीवर ठेवला होता, त्यावर दोन्ही हात.

"इमानाचं नको सांगू," तो म्हणाला. "बैलाला किती दिवस?"