खाडीत बसलेला सरदार

मी गोंदियाजवळच्या मुर्री गावचा भटजी. लग्नं लावायची, बारशी करायची आणि उरलेल्या वेळात मराठ्यांच्या आरमाराचा इतिहास लिहायचा. समुद्र मात्र जन्मात पाहिलेला नाही. गावचे पाटील तोंडावर म्हणायचे, "भटजी, तुमाले तलावात पोहता येत नाही, अन् समुद्राचं कायले लिहून राहिले?" मी फणकारून उठायचो. पण चैन पडत नसे. घरी येऊन पुन्हा दौत-टाक.

नागपूरच्या एका मासिकात माझं एक प्रकरण छापून आलं. त्यात एका सरदाराला मी सरळ भ्याड म्हटलं होतं. बाहेर सोबत्यांची गलबतं जळताहेत आणि हा गृहस्थ आपली गलबतं घेऊन पहाटेपासून दुपारपर्यंत खाडीत बसून राहिला! दुसरं काय म्हणणार?

भाद्रपदात कोकणातून कार्ड आलं. इंग्रज राजाचा छाप, खाली थरथरतं अक्षर. त्या सरदाराचा म्हातारा पणतू लिहीत होता, "त्या दिवशी अमावास्या होती. कृपा करून दुरुस्ती छापावी. गावात मान वर करवत नाही."

माझं डोकंच फिरलं. पंचांगवाल्याला अमावास्या शिकवतो! त्याच पावली उत्तर टाकलं : "अमावास्येच्या अपशकुनाला भिऊन जो सोबत्यांना मरू देतो, तो भ्याडच."

मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला गोंदियाला रेल्वेच्या एका बाबूकडे सत्यनारायण होता. बाबूची बायको कोकणातली. प्रसाद वाटता वाटता सहज बोलली, "आमच्याकडे पौर्णिमा-अमावास्येला सकाळी खाडीत नुसता गाळ हो. होड्या आडव्या पडतात. दुपारी भरती आली की मग सुटतात."

माझा हात थांबला. "अमावास्येलाही?"

"दर अमावास्येला. पोरांनाही ठाऊक असतं."

दक्षिणा घ्यायचीही शुद्ध राहिली नाही. मुर्रीपर्यंत स्वतःलाच शिव्या देत आलो. गाळात रुतलेला माणूस आपली माणसं जळताना बघत उभा राहिला असेल, आणि मी काय लिहिलं! त्याच दिवशी मासिकाला दुरुस्ती धाडली, म्हाताऱ्याला पाय धरणारं पत्र लिहिलं. मग रोज डाकवाल्याच्या वाटेवर जाऊन उभा. पूजेत मन नाही, जेवणात नाही.

पौषाच्या अखेरीस उत्तर आलं. अक्षर दुसरंच, मुलाचं.

"वडिलांनी आपले पहिले पत्र वाचले होते. दुसरे आले त्या दिवशी त्यांचा दहावा होता."