सत्यशीलाची कानस

सत्यशीलाबद्दल कुणी विचारलं की मी आधीच सांगून टाकतो, ती बाई माझ्या डोळ्यांत सलते. मग पुढचं बोलतो. ऐकणाऱ्याला निदान कळतं तरी, की हा म्हातारा कुठल्या पोटदुखीने बोलतोय.

मी सीताराम. स्वारगेटच्या मागे जळाऊ लाकडाची वखार आहे, तिथे सत्तावीस वर्षं काढली. पुण्यात अजून सरपण घेतं कोण, असं शहाणे लोक विचारतात. घेतात हो. लग्नाच्या स्वयंपाकाचे आचारी घेतात. खडकवासल्याच्या रस्त्याला दर शंभर पावलांवर ‘चुलीवरची मिसळ’ आहे, ते घेतात. त्यातले निम्मे आत गॅसवर शिजवतात आणि चूल गिऱ्हाइकाला दिसेल अशी बाहेर पेटवून ठेवतात. आपल्याला काय, लाकूड जळल्याशी मतलब.

सुरुवात केली कुऱ्हाडीने. पुढे मशीन आली, साखळीवर दात असलेली. तिच्या साखळीला सगळे चेन म्हणतात. चेन बोथट झाली की मशीन नुसती कोकलते आणि पिठासारखा भुसा टाकते. धार असली की जाड ढलप्या उडवते. ती धार लावायचं काम माझ्याकडे आलं. दाराजवळ बाक, बाकाला चेन पकडायचा वाइस, हातात गोल कानस. त्या बाकावर बसतो त्याला झाडं तोडणाऱ्या टोळ्या ‘मिस्त्री’ म्हणतात. घरी बायको म्हणते, ‘अहो, सरका जरा, केर काढायचाय.’ वखारीत मात्र मी मिस्त्री. माणसाला एवढं एक ठिकाण लागतं.

चार वर्षांपूर्वी ही सत्यशीला आली. वाशीमकडची. नवरा संजय भोसरीला कारखान्यात. हिला ठेवलं होतं ओंडके रचायला. सकाळी आल्या आल्या ‘जयभीम काका’ म्हणायची आणि कामाला लागायची. तेव्हा मला बरी वाटायची, खोटं कशाला बोलू.

दोन वर्षांपूर्वी मी ओंडक्यांच्या थप्पीवरून पडलो. डावा खांदा निखळला. तीन महिने घरी. परत आलो तर बाई माझ्या बाकावर! हातात माझी कानस! मला बघून पटकन उठली आणि फडक्याने बाक पुसून दिला.

“तुला कुणी शिकवलं गं?”

“तुमचंच पाहून शिकले न काका.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अरे, शिकवणी लावल्यासारखी चोरून बघत होती की काय चार-दोन ओंडक्यांआडून? वर मालकांचा मुलगा अभय, नवीन पिढी, म्हणाला, “काका, चांगलंय ना, बॅकअप असला पाहिजे.” त्याने बाकाला दुसरा वाइस बसवून दिला. झालं. तेव्हापासून मी तांबड्या चिंधीने माझ्या चेन बांधायचो, ती निळ्या चिंधीने तिच्या. संध्याकाळी सगळ्या चेन एका डब्यात टाकायच्या. मी बस गाठायला निघायचो आणि ती त्या पुसून, तेल लावून ठेवायची.

टोळीवाले काय म्हणायचे ठाऊक आहे? सुदर्शन म्हणून एक आहे, झाडावर माकडासारखा चढतो. तो म्हणायचा, “मिस्त्री, तांबडी घ्या नाहीतर निळी घ्या, सेम टू सेम चालते.” त्याला वाटायचं कौतुक करतोय. सत्तावीस वर्षं एकीकडे आणि दोन वर्षं एकीकडे, आणि म्हणे सेम टू सेम! त्या दिवशी मी जेवणाचा डबा न उघडता तसाच घरी नेला. बायकोने विचारलं, काय झालं. म्हटलं, भूक नव्हती.

मी तिच्या कामावर नजर ठेवायला लागलो. चेनचे निम्मे दात एका तोंडाचे असतात, निम्मे दुसऱ्या. एक रांग उजव्या हाताने घासायची, दुसरी डाव्या. कानस पुढे ढकलायची, मागे ओढायची नाही. दर दाताला कानशीचे तीन हात मारायचे. तिचं कुठे चुकतंय का, मी मोजत बसायचो. मेली चुकायचीच नाही.

यंदा मे महिन्यात अभयने फर्मान काढलं. पावसाआधी फांद्या छाटायची घाई सुरू होते, गावभरच्या टोळ्या धारेला येतात. “काका, सिंपल आहे. एकाने फुलटाइम बाकावर बसायचं, दुसऱ्याने वजनकाट्यावर. नारायण पेठेतून चिंचेचा बुंधा आलाय. एक चेन तुमची, एक ताईंची. सुदर्शन दोन्ही चालवेल. ज्याची नीट जाईल, त्याचा बाक.”

वजनकाटा! म्हणजे आलेल्या टेम्पोचं वजन लिहायचं आणि माना डोलवायच्या. मिस्त्रीपण गेलं म्हणा की.

आदल्या दिवशी मी चेनला अशी धार लावली की काय सांगू. नखावर टेकवली तर नख निघेल. संध्याकाळी ती कागदात गुंडाळून पिशवीत टाकली. डब्यात नाही. डबा तिच्या ताब्यात. एखादा दात मारून ठेवला म्हणजे? माणसाचा काय भरवसा.

सत्यशीलाने बघितलं. “काका, तुमची चेन डब्यात नाही टाकली?”

“नाही टाकली.”

“द्या न. पुसून, तेल लावून ठेवते.”

“तेल आमच्या घरीही असतं.”

ती माझ्या मागून दारापर्यंत आली. “मंग उद्या सकाळी तरी द्या, पाच मिनिटं.”

“कशाला?” मी असं डोळे वटारून बघितलं की ती डबा उचलून आत गेली. बसमध्ये मी पिशवी मांडीवर धरून बसलो होतो. चोराला रंगेहाथ पकडल्याचा आनंद झाला होता मला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बुंध्याभोवती सगळी वखार जमली. बुंधा केवढा, दोघांच्या कवेत न मावणारा. आधी निळी चिंधी. सुदर्शनने मशीन नुसती टेकवली आणि ती आपल्या वजनानेच खाली उतरत गेली. ढलप्यांचा ढीग. काप सरळ, पट्टी लावून मारावा तसा.

मग माझी. सुरुवातीला ढलप्या उडाल्या, मी मिशीला हात लावला. अर्ध्यात गेल्यावर काप तिरका व्हायला लागला. सुदर्शन सरळ करायला गेला, पण मशीन काही ऐकेना. वळत गेली, वळत गेली आणि पातं लाकडात घट्ट अडकलं. धूर आला. पाचर ठोकून ते सोडवावं लागलं.

सुदर्शन म्हणाला, “मिस्त्री, ही तुमची नेहमीची चेन वाटत नाही राव.”

तेवढ्यात सत्यशीला म्हणाली, “खिळा लागला असंन. झाडाला पाट्या होत्या न ठोकलेल्या.”

सगळ्यांना पटलं. पुण्यात झाड म्हणजे पाट्या ठोकायची फळीच: इथे क्लासेस, इथे गाडी लावू नये. अभय लगेच म्हणाला, “हां, मग अनफेअर आहे. काकांना परत एक चान्स.”

मी चेन काढून बाकाशी नेली. खिळा लागला की दात तुटतो, ठिणगी उडते. माझ्या चेनचा एकही दात तुटला नव्हता. सत्यशीला पाण्याचा तांब्या घेऊन आली, तेव्हा मी दातओठ खाऊन विचारलं, “काय केलंस माझ्या चेनला?”

“काल काहीच नाही केलं काका,” ती हळू आवाजात म्हणाली. “म्हणून तर अडकली.”

मला काही उमजेना. तिने बोटाने डाव्या हाताची रांग दाखवली. त्या दातांना धार जेमतेम होती. “तुमचा खांदा. तीन हात मारता, पण जोर लागत नाही. संध्याकाळी मी अजून दोन हात मारून ठेवते.”

“कधीपासून?”

“तुम्ही परत आल्यापासून.”

दोन वर्षं! म्हणजे ते सेम टू सेम... तेसुद्धा तिच्याच दोन हातांमुळे होतं. तिचे आभार मानावेत असं मनातसुद्धा आलं नाही. संताप आला. कुणी सांगितले होते उपकार? आणि त्याहून जास्त लागलं ते हे, की तिच्या जागी मी असतो तर पहिल्याच दिवशी ती चेन अख्ख्या वखारीत नाचवली असती. तिने वखारीत कुणाला अवाक्षर सांगितलं नव्हतं. धारेत मागे पडलो ते पडलो, ह्यातही ती पुढेच.

मी मान वर केली तर तिने माझी दुसरी चेन वाइसला लावली होती. पाठ सगळ्यांकडे, हातात कानस. दोन हात, पुढचा दात. दोन हात, पुढचा दात. ती चेन सरळ जाणार, हे मला कळत होतं. बाक माझ्याकडेच राहणार होता.

“काका, रेडी?” अभयने हाक मारली.

मी तिच्या हातातून कानस काढून घेतली आणि बाकावर ठेवली.

“अभय, खिळा नव्हता,” मी ओरडून सांगितलं. “धार माझीच वाईट होती. दोन वर्षं वाईटच आहे. विचार हिला.”

सोमवारपासून मी काट्यावर बसतो. जळणं थांबलंय असं म्हणाल तर साफ खोटं. तिच्या कानशीचा आवाज येतो आणि मी अजून मोजतो. अजून चुकत नाही.

मंगळवारी टेम्पोतून एक नवीन माणूस उतरला. खांद्यावर चार बोथट चेन. माझ्यापाशी येऊन म्हणाला, “मिस्त्री कुठायत?”

‘बोला’ हा शब्द माझ्या ओठांवर आला होता. सत्तावीस वर्षांची सवय. तो गिळला.

“त्या काय,” मी म्हणालो, “बाकावर बसल्यात.”