डाव्या डोळ्यातली पांढरी रेघ

तोकात गावच्या सरकारी शाळेत जीवशास्त्र शिकवणारे नेजमेत्तिन होजा यांच्याकडे जगाविषयी पुष्कळ तक्रारी होत्या, आणि त्या निर्दोष वाक्यांत मांडण्याचा त्यांना अभिमान होता. बेकरीवाल्याच्या पावात मीठ कमी, नगरपालिकेच्या दिव्यांत उजेड कमी आणि मुख्याध्यापकांच्या डोक्यात तो त्याहून कमी. गावातले लोक त्यांना ‘होजाम’, म्हणजे ‘आमचे मास्तर’, म्हणत. त्यात मास्तरांविषयीचा आदर किती आणि कंटाळा किती, हे होजांनी कधी तपासले नाही. तेवढी एक तक्रार त्यांनी राहू दिली होती.

डोळा हा त्यांचा हातखंडा विषय. दरवर्षी ते वर्गात एक काळे द्राक्ष सोलून दाखवत. “बाहेरचं पांढरं कवच काढलं की मधला पडदा असा दिसतो. रक्तवाहिन्यांनी भरलेला. बुबुळाचा रंगीत भाग त्याचाच. त्याच्या पुढे पारदर्शक काच, मागे भिंग, आणि काच न् बुबुळ यांच्यामध्ये स्वच्छ पाणी.” मग ते द्राक्ष खाऊन टाकत आणि मुले टाळ्या वाजवत.

अशा माणसाचा डावा डोळा एके सकाळी लाल झाला. उजेड सहन होईना, आतून ठणका लागला. बायको म्युनेव्हेर म्हणाली, “नजर लागलीय. हातिजे मावशीला बोलावते, डोक्यावर पाण्याचं भांडं धरून त्यात वितळलेलं शिसं ओतेल, म्हणजे उतरेल.”

“म्युनेव्हेर, या घरात विज्ञान राहतं!” होजा गरजले. आणि विज्ञानाला स्मरून त्यांनी गार चहात बुडवलेला कापूस डोळ्यावर ठेवला. हा उपाय त्यांच्या आईचा, तिच्या आईचा; पण चहात टॅनिन असते हे होजांनी शोधून काढल्यापासून तो शास्त्रीय झाला होता.

चहाने डोळा बरा झाला नाही, फक्त उशी तपकिरी झाली. आरशात पाहताना होजांना बुबुळाच्या तळाशी एक पांढरी रेघ दिसली, पेल्यात दह्याचा साका बसावा तशी. चिपड असेल म्हणून त्यांनी रुमालाने पुसली. गेली नाही. पुन्हा पुसली. मान कलती केली तर रेघही कलली. वर्षानुवर्षे ‘काच न् बुबुळ यांच्यामध्ये पाणी’ असे घोकून घेणारा हा गृहस्थ काचेच्या आतला गाळ बाहेरून रुमालाने पुसत होता. नापास करण्यासारखा विद्यार्थी समोर आरशातच होता, पण त्या दिवशी परीक्षक गैरहजर होते.

त्या डोळ्याने दारावरचे कॅलेंडर धुरकट दिसू लागले, तेव्हा म्युनेव्हेर त्यांना ओढतच जिल्हा रुग्णालयात घेऊन गेली.

डॉक्टर एल्वान वयाने त्यांच्या जुन्या विद्यार्थिनींएवढीच. यंत्रातून पाहताच तिचा चेहरा गंभीर झाला. “होजाम, डोळ्याच्या आत सूज आहे. मधल्या पडद्याला. ही रेघ पुवाची. तुमचं तोंड येतं का वारंवार?”

“बाईसाहेब,” होजा म्हणाले, “दुखतो डोळा. तोंडाविषयी आजवर कोणी तक्रार केलेली नाही.”

“सगळा गाव करतो!” म्युनेव्हेर म्हणाली. “आणि येतं हो डॉक्टर. अक्रोडाचा गोड चोरेक पाव खाल्ला की आठवडाभर जेवत नाहीत.”

“ते शिक्षकांच्या खोलीतल्या ओलीमुळे. मी वर लेखी कळवलंय.”

डॉक्टरने थेंब सुरू केले. मग एक कोरी सुई पाकिटातून काढून त्यांच्या हातावर नुसतीच टोचली, औषध काही दिले नाही. “थेंबांनी ही सूज उतरेल, पण मूळ आजार कळला नाही तर ती परत परत येईल, मागच्या पडद्यापर्यंत जाईल आणि डोळा जाईल. म्हणून हे टोचलंय. परवा हात दाखवायला या हं, काहीही झालं तरी.”

यातले ‘डोळा जाईल’ एवढेच होजांनी ऐकले. उरलेला वेळ, रिकामी सुई टोचणाऱ्या व्यवस्थेविषयीचे पहिले वाक्य जुळवण्यात गेला.

आणि व्यवस्थेने त्यांना निराश केले नाही. दुसऱ्या दिवशी टोचल्या जागी लाल गाठ आली, तिसऱ्या दिवशी तिच्या टोकावर पू. होजांचा चेहरा उजळला. आयुष्यात प्रथमच एखाद्या तक्रारीचा पुरावा त्यांच्या अंगावर उगवला होता. इस्त्रीचा सदरा घालून, बाही वर करून, रांग ओलांडून ते आत शिरले.

“पाहा! घाणेरड्या सुईनं काय केलं ते पाहा! मी डोळा घेऊन आलो होतो, तुम्ही मला हात दिलात!”

एल्वानने हात पाहिला आणि टाळीच वाजवली. “वा, होजाम, वा! काय सुंदर फोड आलाय!” तिने शेजारच्या खोलीतल्या दोन डॉक्टरांना हाका मारल्या. तिघांनी होजांचा हात असा न्याहाळला, की होजांना क्षणभर सोललेल्या द्राक्षाची आठवण झाली.

“सुई कोरी होती,” एल्वान म्हणाली. “पण तुमचं अंग साध्या टोचण्यावरही चवताळून उठतं. तोंड येणं, डोळ्याची सूज, हा फोड, सगळं एकाच आजाराचं. आपल्या मुलखात पुष्कळांना असतो. आता नेमकं औषध देता येईल.”

“म्हणजे,” म्युनेव्हेर म्हणाली, “जरा टोचलं की केवढं तरी उठवायचं, हा आजार आहे होय? मला वाटायचं, स्वभाव आहे.”

होजांनी वर केलेली बाही खाली ओढली आणि बटण लावले.

औषधे कडक होती. अक्रोड बंद झाले, काळा चष्मा आला. वर्गातली मुले पाठीमागे त्यांना ‘गुप्तहेर’ म्हणू लागली, याची तक्रार त्यांनी केलीच. पण रोज सकाळी ते उजवा डोळा झाकून दारावरच्या कॅलेंडरासमोर उभे राहत आणि काही न बोलता परत येत. त्यांचे ते न बोलणे म्युनेव्हेरला फार जड जाई.

द्राक्षे पिकायच्या सुमारास पुन्हा तपासणी झाली. एल्वानने उजवा डोळा झाकायला सांगून भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट केले. होजा वरून वाचत निघाले, मधल्या ओळींत अडखळले, शेवटच्या ओळीपाशी थांबले. म्युनेव्हेरने डोक्यावरच्या रुमालाची गाठ मुठीत आवळली.

“हा तक्ता,” होजा कडवट स्वरात म्हणाले, “अत्यंत गलिच्छ आहे. खालच्या कोपऱ्यात माशीनं घाण केली आहे आणि ती कोणीही पुसलेली नाही.”

एल्वान उठून तक्त्याजवळ गेली, तिने वाकून पाहिले. ठिपका होता, तिळाएवढा.

म्युनेव्हेरने डोळे पुसले. “बोला हो होजाम,” ती म्हणाली, “अजून काय काय मळलंय ते सांगा. आज सगळं ऐकते.”